बिनफोडणीचं वरण

“वरणाला फोडणी का नाही?” मी विचारलं.

विश्वास दाराशी स्टुलावर बसून बुटाची नाडी सोडत होता. त्यानं वर पाहिलं नाही. “मैथूच्या तोंडात फोड आलेत ना. आईनं मुद्दाम साधं केलं असेल.”

“मैथूचं जेवण मी इथेच करते. हा डबा आपल्या दोघांचा आहे.”

“मग राहिली असेल. घाईत असेल आई.”

माझ्या सासूबाई घाईत साडीला पिन लावायला विसरल्या असत्या, गॅस बंद करायला विसरल्या असत्या, पण फोडणी नाही. त्यांच्या फोडणीनं शेजारच्या गच्चीवर वाळवण राखत बसलेल्या बायकांना ठसका लागायचा. जतच्या आमच्या घरात पाहुणा दारात आला की आधी खोकायचा आणि मग रामराम करायचा.

मी डब्याचा दुसरा कप्पा उघडला. दोडका. नुसता मीठ घालून उकडलेला. आदल्या दिवशी दुधी होता, तोही असाच. तेव्हा मला वाटलं होतं, आईंना बरं नसेल.

डबा ज्या फडक्यात बांधून आला होता ते मी झटकलं. त्यातून कडुलिंबाचं एक पान फरशीवर पडलं.

“हे काय?”

“पान आहे,” विश्वास म्हणाला. “झाडाखाली गाडी लावली होती.”

मैथिली कॉटवर बसून रंगवत होती. साडेचार वर्षांची. डोक्यावर एक केस नाही, तोंडाला मास्क, आणि मास्कवर तिनंच स्केचपेननं काढलेल्या मिशा. “आई, पान मला दे,” ती म्हणाली. मी दिलं नाही. पान उचललं, डब्यासकट सगळं बाहेरच्या बादलीत टाकलं आणि कोपरापर्यंत हात धुतले. विश्वास माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेचा अर्थ मला पाठ होता. झालं हिचं सुरू.

मैथिलीला रक्ताचा कॅन्सर होता. त्या वर्षी आम्ही मिरजेत, दवाखान्यामागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेऊन राहत होतो, कारण डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ताप आला तर जतहून इथवर यायला वेळ मिळणार नाही. डॉ. नसरीन मुल्ला. उंच, कडक, गळ्यात चष्म्याची साखळी. त्यांनी मला समजावून सांगितलं होतं, कारण मी विचारलं होतं. विश्वास म्हणाला होता, “डॉक्टर, तुम्ही योग्य तेच कराल.” मी म्हटलं होतं, “हो, पण काय कराल?”

“काय शिकलात?”

“बी.एस्सी. बॉटनी.”

“मग कांद्याच्या मुळाची स्लाइड केली असेल.”

केली होती. मुळाचं टोक ठेचून, रंगवून काचेखाली धरायचं. पेशी दुभंगताना दिसायच्या, गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जाताना.

“ते ओढणारे दोरे आहेत ना, ते या औषधानं होतच नाहीत,” त्यांनी एका छोट्या बाटलीवर नख वाजवलं. “पेशी दुभंगायला निघते आणि मध्येच अडकून मरते. हे तुमच्या दारातल्या सदाफुलीपासून काढतात. बाकीची औषधं दुसऱ्या वाटेनं जातात, पण काम तेच. आता नीट ऐका. औषधाला कॅन्सरची पेशी ओळखता येत नाही. त्याला फक्त घाई ओळखता येते. जी पेशी घाईघाईनं दुप्पट होते तिला ते गाठतं. कॅन्सरच्या पेशीला घाई असते. पण केसाच्या मुळालाही असते. तोंडाच्या आतल्या कातडीला असते. आणि सगळ्यात जास्त घाई हाडातल्या मगजाला, कारण तिथे रात्रंदिवस रक्त तयार होतं.”

“म्हणजे चांगलंही मरतं.”

“मरतं. मग परत उगवतं, त्यासाठीच दोन डोसांमध्ये आपण थांबतो. पण मधले काही दिवस वाईट. लाल पेशी महिनोन्‌महिने टिकतात. प्लेटलेट आठवडाभर. पांढऱ्यांतल्या ज्या पहिल्यांदा धावून जातात, त्या जेमतेम दिवसभर. कारखाना बंद पडला की आधी त्यांची जागा रिकामी होते. त्या दिवसांत हिच्या अंगात भांडायला कोणी नसतं. तुमच्यामाझ्या हातावरचा साधा जंतू हिला मारू शकतो. भेटायला येणारे बंद. कच्चं, कापून ठेवलेलं बंद. आणि गोवर-कांजिण्यांच्या घराचा वारासुद्धा नको. तरी चुकून संपर्क आलाच तर लपवू नका, धावत या. इंजेक्शन आहे. पण तीन-चार दिवस गेले की त्याचा उपयोग कमी होत जातो.”

बाहेर आल्यावर मी आईंना सगळं सांगितलं. सदाफुलीचं ऐकून त्यांनी हात जोडले. “बघ. देवीच फुलात बसून आली,” त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या कंपाउंडातली सदाफुली पूजेला खुडून आणायला लागल्या. कांजिण्यांचं मी सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. “तिचं असं नाव घेऊ नये बाई. ऐकती ती.”

फरशीवरचं ते पान बघितलं तेव्हा मला त्यांचा तो हात आठवला. आणि बिनफोडणीचं वरणही लख्ख कळलं. आमच्या भागात घरात कुणाच्या अंगावर ‘ती’ आली, की चुलीवर कढई चढत नाही. तेल कडकडलं, मोहरी तडतडली की देवीला चटका बसतो म्हणतात. उशाशी कडुलिंब, दारात कडुलिंब, आणि सगळं जेवण उकडलेलं.

डबा वैजूताईंच्या घरून येत होता. वैजूताई म्हणजे विश्वासची थोरली बहीण, मिरजेतच राहायची. आई आधी आमच्याबरोबर खोलीवर होत्या. सोमवारी अचानक पिशवी उचलून लेकीकडे गेल्या. “वैजूच्या अंगात कणकण हाय. दोन दिस राहून येते.” तेव्हापासून त्या खोलीवर फिरकल्या नव्हत्या. आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, वैजूताई भेटायला आल्या होत्या.

मी त्यांना दारातच थांबवलं होतं. म्हटलं, ताई, डॉक्टरांनी नको सांगितलंय.

“आम्ही काय रस्त्यावरची माणसं हाय का गं? सख्ख्या भावाची पोर आजारी, आणि मी बघायला जायचं नाही? लोक शेण घालतील तोंडात.” मग विश्वासकडे वळून, “तुझी बायको म्युन्सिपाल्टीची इन्स्पेक्टर झालीया बघ. आता पावती फाड म्हणावं माझी.”

विश्वास हसला होता. आईही हसल्या. त्या हसण्यात वैजूताईंची धाकटी, रेवती, माझ्या हाताखालून आत शिरली आणि थेट कॉटवर चढली. दोघी पोरी एका चादरीखाली घर-घर खेळल्या. मी रेवतीला दोनदा उतरवलं. तिसऱ्यांदा वैजूताई म्हणाल्या, “राहू दे गं, किती दिवसांनी हसतीय ती.” आणि मैथिली खरंच हसत होती.

आता बुधवार होता.

“मी वैजूताईंकडे जाऊन येते,” मी स्कूटीची किल्ली उचलली. “मैथूजवळ बस. हात धुऊन.”

विश्वासचा चेहरा बदलला. “आत्ता? एवढ्या उन्हात?”

“का? जायचं नाही?”

“तसं नाही. पण कशाला? आईला फोन लाव.”

“फोनवर फोडणी दिसत नाही.”

“मंजिरी, तू उगाच घाबरतीस. दिवसभर तुझं हेच. स्वतःलाही खातेस, तिलाही.”

मी चपला घातल्या.

वैजूताईंचं घर स्टेशनच्या बाजूला, बैठं, पुढे लोखंडी फाटक. फाटकाला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला लांबूनच दिसला. मी स्कूटी रस्त्यावरच उभी केली. फाटकाला हात लावला नाही.

“आई!”

त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. मला बघून पायरीवरच थांबल्या. “पोरीला कुणाजवळ सोडलंस?”

“रेवतीला काय झालंय?”

“कुठं काय. उष्णता झालीया जरा.”

“अंगावर काय उठलंय?”

“हळू बोल.”

“आई, कांजिण्या उठल्यात का?”

त्यांनी कानांवर हात ठेवले. “नाव घेऊ नगंस म्हणते ना! पाहुणी हाय ती. पाच दिवस राहती, पाणी घालून, दहीभात दाखवून वाटंला लावायची. मधी नाव घेतलं तर कोपती.”

“आणि माझी मुलगी?”

“म्हणून तर मी तिकडं आले न्हाई! माझ्या अंगावरनं जाऊ नये म्हणून. डबा पण विश्वासच्या हातनं धाडते. मला काय काळजी न्हाई का?” त्यांचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी मला त्यांच्या डोळ्यांची काही किंमत वाटली नाही.

“रविवारी रेवती तिच्या चादरीत होती. अंगावर फोड दिसायच्या आधीपासून लागण होते. तुम्ही लांब राहून उपयोग काय? कधी उठलं ते सांगा. डॉक्टर पहिलं तेच विचारतील. रविवारी रात्री? सोमवारी?”

“मला न्हाई ठावं.”

“तुम्हाला ठाऊक आहे. सोमवारी सकाळी पिशवी घेऊन गेलात तुम्ही.”

“मंजिरी, बाई, गल्लीत तमाशा नगं.”

मग मी तमाशा केला. आयुष्यात पहिल्यांदा. कॉलेजात वादविवादालाही माझा आवाज फुटायचा नाही. त्या गल्लीत, भर उन्हात, मी ओरडले, “कांजिण्या! कांजिण्या! कांजिण्या! घेतलं नाव! कोपू दे माझ्यावर! कधी उठल्या ते सांगा!” समोरच्या घराची खिडकी उघडली आणि लगेच मिटली.

वैजूताई आतून धावत आल्या. केस मोकळे, डोळे तारवटलेले. “तोंड आवर! माझी पोर आत तळमळतीय, आणि तू तिच्या नावानं बोंबलतीस?”

“तुमची पोर आठवड्यात खेळायला लागेल, वैजूताई. तिच्या अंगात लढायला पेशी आहेत. माझीच्या नाहीत. औषधानं मारल्यात. तिला हे झालं तर ते कातडीवर थांबत नाही. फुप्फुसात जातं, मेंदूत जातं. तीन दिवस. तीन दिवस तुम्ही गप्प बसलात!”

“गप्प कुठं बसलो?” वैजूताईही आता पेटल्या होत्या. “सोमवारी सकाळी तिला आंघोळ घालताना दिसलं, तसा पहिला फोन विश्वासला केला! त्यानंच सांगितलं. म्हणला, मंजिरीला कळू देऊ नका, ती उगाच घाबरती, सगळ्यांचा जीव खाती. मी बघतो म्हणला. मग आम्ही काय करायचं? ज्याची पोर त्याला सांगितलं की!”

आईंनी वैजूताईंचा दंड धरला. उशीर झाला होता.

उन्हात स्कूटीचं हँडल तापलेलं होतं. मी ते घट्ट धरून उभी राहिले. तो रोज त्या फाटकापर्यंत जात होता. रोज डबा आणत होता. शेजारी बसून ते वरण कालवून खात होता.

मी घरी गेलेच नाही. सरळ दवाखान्यात गेले आणि ओपीडीच्या रांगेतून आत घुसले. डॉ. मुल्लांनी माझा चेहरा बघितला आणि समोरच्या माणसाला बाहेर बसायला सांगितलं.

“संपर्क कधी?”

“रविवारी. एका चादरीत. दुसऱ्या मुलीला सोमवारी सकाळी उठल्या.”

“आणि तुम्ही आज येताय?”

“मला आज कळलं.”

त्यांनी पुढे विचारलं नाही. मुलीला घेऊन या म्हणाल्या. मग फोन उचलला, एक लावला, दुसरा लावला. इंजेक्शन मिरजेत नव्हतं, सांगलीत नव्हतं. कोल्हापुरात एका ठिकाणी होतं. “कुणाला तरी पाठवा. बर्फाच्या डब्यातून आणायचं. आजच्या आज.”

मी फोन केला तसा विश्वास मैथिलीला शालीत गुंडाळून घेऊन आला. माझ्याकडे बघताच त्याला समजलं असावं. मैथिलीला नर्सजवळ देऊन तो कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर उभा राहिला.

“मी गल्लीतल्या मेडिकलवाल्याला विचारलं होतं,” तो म्हणाला. “तो म्हणाला, लहान मुलांना होतंच, काही नसतं. लगेच काही दिसत नाही, दोन आठवडे जातात. मला वाटलं, तोवर मैथूच्या पेशी वर येतील. तुला कशाला...”

“डॉक्टर वीस पावलांवर बसतात. त्यांना का नाही विचारलंस?”

“त्यांनी तुला सांगितलं असतं.”

तो हे अगदी साधेपणानं म्हणाला. पत्ता सांगावा तसं. मी त्याच्या थोबाडीत मारली नाही, एवढंच. हात उचलला गेला होता, पण तो वैजूताईंच्या गल्लीतून आल्यावर धुतलेला नव्हता आणि आत जाऊन मला मैथिलीला धरायचं होतं.

“कोल्हापूरला जा,” मी म्हटलं. “बर्फाचा डबा घेऊन जा. वाटेत कुणाचंही ऐकू नकोस. तुला जे वाटतं तेही नाही. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच कर.”

तो गेला. दिवे लागायच्या सुमाराला परत आला. थर्मोकोलचा डबा छातीशी धरून, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. एसटीत गर्दी होती, डबा मांडीवर ठेवायला जागा नव्हती म्हणून उभ्यानं आलो, असं त्यानं नर्सला सांगितलं. मला नाही.

“हे लशीसारखं नाही,” डॉ. मुल्ला सुई भरता भरता म्हणाल्या. “लस अंगाला लढायला शिकवते. हिच्या अंगात शिकायला सध्या कोणी नाही. ही दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेली तयार फौज आहे. उसनी. काही आठवडे पुरेल. आणि मांडीवर बराच वेळ दाबून धरा, प्लेटलेटही कमी आहेत. रक्त लवकर थांबणार नाही.”

मैथिली रडली. मी कापूस दाबून धरला. लाल झाला की दुसरा घेतला. विश्वास पुढे आला. “दे, मी धरतो.”

“नको.”

मी त्याला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या मांडीवर जांभळाएवढा काळानिळा डाग उमटला, आणि त्यावर तिनं आपली बाहुली झोपवली.

पुढचे आठवडे मी रोज सकाळी तिला खिडकीपाशी उभं करून, कपडे काढून, तळव्यांपासून टाळूपर्यंत बघायची. कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात. डास चावला तरी दवाखाना. एकदा पोटावर लाल ठिपका दिसला. मी तिला उचलून अनवाणी धावत सुटले. तो स्केचपेनचा निघाला. डॉ. मुल्ला हसल्या नाहीत. “अशाच या,” त्या म्हणाल्या.

विश्वास दाराबाहेरच्या पडवीत झोपायचा. मी सांगितलं नव्हतं, त्यानं विचारलं नव्हतं. तो भाजी आणायचा, रिपोर्ट आणायचा, माझ्यासमोर ठेवायचा. मी कागद वाचायची आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता घडी घालायची. एका दुपारी आई आमच्या अंगणाच्या फाटकापर्यंत आल्या आणि त्याला काहीतरी कुजबुजून गेल्या. मग तो दारात येऊन चाचरत म्हणाला, “आई म्हणतीय, निदान एवढे दिवस घरात तळण-फोडणी करू नये. तिच्या समाधानासाठी.”

मी उठले. कढई ठेवली. तेल घातलं. धूर येईपर्यंत तापवलं आणि मूठभर मोहरी टाकली. मग जिरं, हिंग, लाल मिरची. त्या दिवसापासून मी सगळ्याला फोडणी घातली. वरणाला, भाताला, ताकाला, आदल्या दिवशीच्या शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्याला. मैथिलीचं पातेलं वेगळं, मऊ, बिनतिखटाचं. पण त्यातही वरून चमचाभर तूप-जिऱ्याची. दार सताड उघडं ठेवून. गल्लीला ऐकू जायला हवं होतं.

पेशी हळूहळू वर आल्या. अंगावर काही उठलं नाही. डॉ. मुल्लांनी रिपोर्ट खाली ठेवला आणि चष्मा काढला. “सुटलात. आता सोमवारी पुढचा डोस.”

“म्हणजे परत खाली.”

“परत खाली. परत वर. अजून बरेच दिवस. घरच्यांना सांगा.”

घरच्यांना.

त्या सोमवारच्या आदल्या संध्याकाळी मी कांदा चिरत होते. फाटक वाजलं. आई होत्या. हातात डबा नव्हता, पिशवी नव्हती. त्या पडवीच्याही खाली, अंगणातच थांबल्या. विश्वास पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाला, तर त्यांनी त्याला हातानंच मागे सारलं.

“तुला न्हाई. तिला बोलीव.”

मी सुरी हातात घेऊनच दारात आले.

आईंनी पदर डोक्यावर घेतला. एकदा आभाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून, गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “वैजूच्या थोरलीला पण कांजिण्या उठल्यात. आज सकाळी. मी तिथनंच आलीया, म्हणून उंबऱ्याजवळ येत न्हाई. विश्वास आज दुपारी वैजूकडं येऊन गेलाय. पोरीला त्यानं उचलून घेतलं हुतं. त्याला आत घेऊ नगंस.”

एवढं बोलून त्यांनी घाईघाईनं दोन्ही गालांना बोटं लावली. माफी मागितली. माझी नाही, देवीची.

विश्वास तांब्या धरून पडवीत उभा होता. त्याच्याकडे मी पाहिलंही नाही.

“किती वाजता गेला होता?” मी आईंना विचारलं.

“दोनच्या सुमाराला.”

“तिथून आल्यावर मैथूजवळ गेला होता का, ते त्याला विचारा.”

आईंनी त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. आईंनी परत विचारलं, या वेळी स्वतःची शपथ घालून. तो नाही म्हणाला. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

“बरं,” मी म्हटलं. “त्याची चादर आणि कपडे बाहेर टाकते. तुम्ही दोघं जतला जा. मी बोलावीन तेव्हा या.”

मी आत आले. कढई तापलीच होती. मोहरी टाकली, ती तडतडून ओट्यावर उडाली. बाहेर अंगणात आईंना ठसका लागला. त्या खोकत राहिल्या, पण गेल्या नाहीत. आतून मैथिलीनं हाक मारली, “आई, आजी आलीय ना? खोकतीय ती.”

“हो,” मी म्हटलं. “आजीच आहे.”

आणि गॅस मोठा केला.